‘क्ष’ची किंमत आणि आपला वाटा

दर शनिवारी जुहरच्या नमाजनंतर क्रांती चौकाजवळच्या एका घरात आम्ही सहा जणी वह्या घेऊन बसतो. खाली चौकातल्या गाड्यांचा आवाज चालू असतो. आमच्यात कोणी कॉलेजात जाणाऱ्या मुलाची आई आहे, कोणी शिलाईकाम करते, एक खाला तर नानी झाल्या आहेत. सगळ्यांचे शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर अडकले. कोणाचे लग्न ठरले, कोणाला शाळा लांब पडली, तिघी गणितात नापास झाल्या. आता 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे ठरवले आहे. मराठी, उर्दू, इतिहास यांची धास्ती नाही. धास्ती आहे ती गणित भाग 1 ची, म्हणजे 40 गुणांच्या बीजगणिताची.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिले: 5क्ष − 3 = 2क्ष + 9. आमचे चेहरे उतरले. बाई म्हणाल्या, “हा तराजू समजा. एका पारड्यात जे कराल, तेच दुसऱ्यात करा.” दोन्हीकडे 3 मिळवले, तर 5क्ष = 2क्ष + 12. दोन्हीकडून 2क्ष काढले, तर 3क्ष = 12. म्हणजे क्ष 4. मग पडताळा घेतला: पाच चोक वीस, त्यातून 3 गेले, उरले 17. दुसरीकडे 8 आणि 9, तेही 17. पारडी सारखी झाली. खाला म्हणाल्या, “एवढंच होतं होय? यासाठी आम्ही शाळा सोडली?”

या दोन पायऱ्यांना अरबीत नावे आहेत. वजा झालेली रक्कम भरून काढणे म्हणजे ‘जबर’. दोन्ही बाजूंच्या सारख्या रकमा समोरासमोर ठेवून उडवणे म्हणजे ‘मुकाबला’. इसवी सन 820 च्या सुमारास, खलीफा मामूनच्या काळात, बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी याच नावाने ग्रंथ लिहिला. त्यातल्या ‘अल-जबर’ वरून ‘अल्जिब्रा’ हा शब्द जगभर गेला. जबर म्हणजे मोडलेले हाड बसवणे असाही अर्थ होतो; स्पेनमध्ये हाडवैद्याला पुढे कित्येक शतके ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणत. त्या ग्रंथात आजच्यासारखी चिन्हे नाहीत, सगळे शब्दांत आहे. आणि त्याचा मोठा भाग वसियत व वारसा यांच्या हिशोबाचा आहे. लोकांना मालमत्तेच्या वाटणीत, व्यापारात, जमिनीच्या मोजणीत जे लागते, त्यासाठी तो लिहिला गेला.

ही विद्या एकाच देशाची नाही. त्याआधी दोनशे वर्षे, 628 मध्ये, ब्रह्मगुप्तांनी धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले होते. धन म्हणजे जवळचे, ऋण म्हणजे देणे. वाण्याच्या उधारीची वही आठवली की वजा चिन्हाची भीती जाते, हा आमचा अनुभव आहे. 1114 मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीजवळ आहे, म्हणजे कन्नडचा घाट उतरले की आलेच.

याच ‘बीजगणिता’चे 1634-35 मध्ये शाहजहान बादशाहसाठी फारसीत भाषांतर झाले. ते करणारे अताउल्लाह रशीदी हे ताजमहालचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहौरी यांचे पुत्र. आणि आपल्या शहरातल्या बीबी का मकबऱ्याचे वास्तुकारही तेच! मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्लाह यांच्यासोबत हंसपतराय यांचेही नाव कोरलेले आहे. ईदनंतर मुलांना घेऊन तिथे आपण किती वेळा गेलो! पण संस्कृतातले बीजगणित फारसीत नेणाऱ्या माणसाने हा मकबरा उभारला, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

हे सगळे ऐकून आमच्यातली एक गप्प बसली होती. वडिलांच्या इंतकालला चार वर्षे झाली. मागे अम्मी, एक भाऊ आणि दोघी बहिणी. दुकान विकले गेले, पण बहिणींच्या वाट्याचा विषय निघाला की “हिशोब फार किचकट आहे” असे उत्तर मिळायचे. तिने विचारले, “बाई, हा हिशोब क्षने होईल?”

बाईंनी समजायला सोपी रक्कम घेतली. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसियत भागवून 4,80,000 रुपये उरले समजा. दादा-दादी हयात नाहीत. सूरह अन-निसामध्ये वाटे ठरवून दिलेले आहेत: मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे 60,000. उरले 4,20,000. मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट. एका मुलीचा वाटा क्ष, तर भावाचा 2क्ष. 2क्ष + क्ष + क्ष = 4,20,000. म्हणजे 4क्ष = 4,20,000. प्रत्येक बहिणीला 1,05,000 आणि भावाला 2,10,000. बेरीज केली, 4,80,000 बरोबर आली.

तिने ते गणित वहीत दोनदा उतरवले आणि म्हणाली, “आता कोणी आकडा सांगितला तर मी तपासू शकते.”

वाटणीचा निर्णय जाणत्या आलिमांना आणि वकिलांना विचारूनच करावा. वारस बदलले की हिस्सेही बदलतात. पण आपला हक्क काय आहे हे विचारणाऱ्या बाईला निदान हिशोब तरी वाचता यावा. अल्लाहने ठरवून दिलेला वाटा केवळ ‘किचकट’ या एका शब्दाखाली दबून राहू नये.

ज्या बहिणींचे शिक्षण गणितापाशी थांबले, त्यांनी घराजवळच्या शाळेत 17 नंबरच्या फॉर्मची चौकशी करावी. परीक्षा मंडळाचे विभागीय कार्यालयही आपल्याच शहरात आहे. चार-पाच जणी मिळून बसा. एकटीला जे अडते ते चौघींत सुटते. घरातल्या पुरुषांनी आठवड्यातले दोन तास मुले सांभाळली, तरी मोठी मदत होईल.

आमची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल अल्लाहच्या हाती. पण खाला आता नातवाचा गृहपाठ स्वतः तपासतात आणि चूक सापडली की विचारतात, “बेटा, पडताळा घेतलास का?”