एवढं तोंड कशासाठी?

कोकणात वाढलेल्या माणसाला वाम माशाची ओळख करून द्यावी लागत नाही. लहानपणी अम्मी वाम साफ करायला बसली की मी अंगणात पळायचो. तो लांबडा, बुळबुळीत देह मला मासा वाटतच नसे. हा वाम ज्या सर्पाकार माशांच्या गणात मोडतो, त्यांना इंग्रजीत 'ईल' म्हणतात. त्यांच्याच गोतावळ्यातला, पण खोल समुद्रात राहणारा एक नातलग मला अलीकडे पुस्तकात भेटला आणि मनातून जाईना.

त्याला मराठी नाव नाही. असणार तरी कसं, आपल्या जाळ्यात तो येतच नाही! लेआँ वायाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये त्याचं वर्णन केलं. चोचीखाली झोळी असलेल्या पेलिकन पक्ष्यावरून त्याला 'पेलिकन ईल' म्हणतात. साधारण पाचशे ते तीन हजार मीटर खोलीवर त्याचा वावर. लांबी फार तर मीटरभर. त्यातही बराचसा भाग चाबकासारखी बारीक शेपटी, आणि पुढे अवाढव्य तोंड. जबडा सैल, त्याखाली ताणली जाणारी कातडी. २०१८ मध्ये हवाई बेटांजवळच्या समुद्रात 'नॉटिलस' या संशोधन जहाजाच्या पाणबुडी-कॅमेऱ्यासमोर एका पिल्लाने हे तोंड फुग्यासारखं फुगवलं, तेव्हा शास्त्रज्ञांनाही हसू आवरलं नाही.

एवढं तोंड पाहिलं की आपल्या मनात पहिला शब्द येतो, अधाशी. माझ्याही आला. पण या माशाच्या पोटात सापडतात ती मुख्यतः लहान कोळंबीसारखी कवचधारी जनावरं. दातही अगदी बारके. मग एवढा पसारा कशासाठी? त्या खोलीवर सूर्यप्रकाश पोचत नाही, वनस्पती नाहीत. वरून जे झिरपेल त्यावरच सारा संसार. घास केव्हा आणि केवढा मिळेल, याचा भरवसा नाही. म्हणून तोंडाचंच जाळं करायचं, पाण्यासकट भक्ष्य आत घ्यायचं आणि पाणी कल्ल्यांच्या फटींतून हळूहळू सोडून द्यायचं. हा हावरटपणा नव्हे, गरिबाचा हिशेब आहे.

बाकी अंगावर सगळी काटकसर. खवले नाहीत, बरगड्या नाहीत, डोळे इवलेसे. हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब जमिनीवरल्या हवेच्या सुमारे शंभर पट असतो, पण त्याच्या अंगात हवेची पिशवीच नाही, मग चेपणार काय? स्नायूही पाणचट, त्यामुळे पाठलाग करणं त्याला जमत नाही. शेपटीच्या टोकाला मात्र एक मिणमिणता दिवा आहे.

हा विचित्र प्राणी वामाच्या गोतातला कशावरून? त्याच्या बाळपणावरून. पिल्लू पानासारखं चपटं आणि काचेसारखं पारदर्शक असतं, वामाच्या पिल्लासारखंच, आणि ते वरच्या, उजेडाच्या पाण्यात वाढतं.

नर वयात आला की त्याचा जबडा झिजू लागतो, दात जातात आणि नाक मोठं होतं. त्या काळोखात मादीचा माग वासावरच काढावा लागत असणार. ज्या तोंडाची मी एवढी कथा सांगितली, ते तोंड तोवर त्याच्या फारसं कामाचं राहिलेलं नसतं.