हाताला चव आहे, पण वही कुठे आहे?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच : 'घरगुती फराळाच्या ऑर्डर घेणे सुरू.' खाली अंगठे, फुलं, 'ताई, तुमच्या हाताला काय चव आहे!' तुळशीचं लग्न होईपर्यंत हा उत्साह टिकतो. मग ग्रुप पुन्हा पाण्याच्या टँकरवर येतो आणि ताईंच्या लक्षात येतं, चार जणींचे पैसे अजून यायचेत. माझ्या पाहण्यात तरी घरगुती व्यवसाय बेचव मालामुळे क्वचितच बसला. बसला तो काही पक्क्या समजुतींमुळे.

'सगळे ओळखीचेच आहेत, गिऱ्हाइकाची काय चिंता?'

पहिला किलो ओळखीवर जातो. शेजारीण पहिल्यांदा घेते ती तुमच्यासाठी, पुढच्या वेळी घेते ती चकलीसाठी. शिवाय ओळखीची म्हणून किंमत मोजावी लागते ती वेगळीच : भाव पाडून मागणं, 'पैसे नंतर देते गं', आणि वजन झाल्यावर वर दोन चकल्या.

उधारीचं दुखणं जुनं आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार चाळीतल्या खानावळवाल्या बायकांकडे जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. तोवर धान्य, तेल, रॉकेल बाईनं उधारीवर आणायचं, त्याचं व्याज सोसायचं. गिऱ्हाईक अगदी हक्काचं, रोज दोन वेळा दारात येणारं, तरी कर्ज काही सुटत नसे. गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं ते याच बायकांसाठी. त्यांचे गट केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला या बायकांकडे काही नव्हतं, म्हणून एकमेकींची हमी उपयोगी पडली. लोकांचा आधार म्हणतात तो हा. 'चव छान आहे' म्हणणं ही झाली मायेची गोष्ट.

'घरातच करायचं, खर्च तो कसला?'

या समजुतीपाशी जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो. चकलीचं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. एका किलोला भाजणी, तेल, तिखट-मीठ मिळून 180 रुपये लागले आणि चकली 260 ला विकली. ताई म्हणतात, 80 रुपये सुटले. आता गॅसचे 20 धरा, पिशवी आणि लेबलचे 15, पोचवण्याचे 10. पाच किलोला सहा तास लागले आणि ताशी 50 रुपये मजुरी धरली, तर किलोमागे आणखी 60. बेरीज 285. म्हणजे सहा तास कढईसमोर उभं राहून ताईंनी किलोमागे 25 रुपये पदरचे घातले. मोडलेल्या चकल्या घरच्यांनी खाल्ल्या, त्या तर धरल्याच नाहीत. 'माझ्या वेळेचे काय पैसे लावायचे?' असं बाई सहज म्हणून जाते. पण उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला कुणी ठेवावं लागलं, तर ती ताशी पैसे घेणारच.

गॅसवरून आठवलं. घरगुती जोडणीचा सिलिंडर व्यवसायाला वापरणं नियमात बसत नाही. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

'घरच्या खाण्याला कसली नोंदणी?'

लागते. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरून विकणाऱ्यालाही वगळलेलं नाही. मात्र छोट्या व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिचा 14 आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. याच्या उलट टोकाची भीतीही असते : 'शॉप ॲक्ट', 'उद्यम', जीएसटी, सगळ्याला एजंट लागणार. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर दुकाननोंदणी नाही, नुसती सूचना द्यायची असते. 'उद्यम' ही लघुउद्योगांची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेल्याशिवाय जीएसटीची चिंता नाही. आणि मुद्रा योजनेचे 'शिशु' गटातले 50,000 रुपये तारणाशिवाय मिळत असले, तरी ते कर्ज आहे. फेडायचं असतं.

'लिज्जत मोठं झालं ते लोकांच्या मदतीवर'

बचत गटांच्या कार्यक्रमात हे वाक्य हमखास ऐकू येतं. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटायला घेतले ते 80 रुपयांच्या भांडवलावर. ते पैसे छगनलाल पारेख ऊर्फ छगनबापा यांच्याकडून उसने घेतलेले होते. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हे या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. छगनबापांनी पैशांहून मोलाची मदत केली ती सल्ल्याची. सुरुवातीला स्वस्तातला दुय्यम पापडही केला जात होता. त्यांनी सांगितलं, दर्जा एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. आजही शिस्त तीच. संस्थेच्या सभासद 'बहिणी' केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेतात, लाटलेले पापड परत आणतात, ते तपासले जातात आणि लाटण्याचे पैसे मिळतात. शेजारपाजार, नातं, मैत्री यांवरच संस्था उभी राहिली, पण पापड ओला निघाला तर मैत्रीखातर कुणी तो घेत नाही.

आपल्या सोसायटीत अशी एखादी शेजारीण शोधावी, जी 'चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडली' हे तोंडावर सांगेल. ग्रुपवरच्या चाळीस अंगठ्यांपेक्षा ती कामाची.

'एकदा घडी बसली की आपोआप चालतं'

फराळ वर्षातून पंधरा दिवस विकला जातो. बारमाही चालतं ते पोळ्या, डबे, भाजणीचं पीठ, मेतकूट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास वाणं एकदम लागतात. त्याची ऑर्डर मार्गशीर्षातच विचारायला हवी. लिज्जतलाही पहिल्या वर्षी पावसाळ्यानं गाठलं. पापड वाळेनात, चार महिने काम बंद राहिलं. पुढच्या पावसाळ्यात बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला.