कॅन्ट्रिप

कॅन्ट्रिप हा डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या वळणाच्या इतर रोल-प्लेइंग खेळांमधील किरकोळ मंत्रांचा वर्ग आहे. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या या खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र सांभाळतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांवर लागतो. कॅन्ट्रिप हा शब्द मूळचा स्कॉट्स भाषेतील असून त्याचा अर्थ जादूटोण्याची करामत असा आहे. सध्याच्या नियमांनुसार कॅन्ट्रिप दिवसातून कितीही वेळा वापरता येतो. अन्य मंत्रांना मात्र संख्येची मर्यादा असते. एकदा घडला तर क्षुल्लक वाटणारा परिणाम हजार वेळा घडवता आला, तर तो क्षुल्लक राहत नाही. त्यामुळे कॅन्ट्रिपची शक्ती कुठे थांबवावी हा नियमकर्त्यांपुढील एक कायमचा प्रश्न आहे.

इतिहास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील मंत्रपद्धती जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतली होती. जादूगाराने मंत्र आधी पाठ करावा आणि एकदा उच्चारला की तो स्मरणातून पुसला जावा, अशी तिची कल्पना होती. पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे. तो खर्ची पडला की उरलेला दिवस त्याने खंजीर घेऊन इतरांच्या मागे उभे राहायचे. वरच्या पातळीवर हेच पात्र सर्वांत बलाढ्य ठरत असल्याने सुरुवातीची ही दुर्बलता न्याय्य मानली जाई. अर्थात, खेळ त्या पातळीपर्यंत पोहोचण्याआधीच मोडला, तर हा न्याय त्या खेळाडूच्या पदरात पडत नसे.

कॅन्ट्रिप नियमांत आले ते प्रथम घरगुती करामती म्हणून. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या पुस्तकात पहिल्या पातळीच्या एका मंत्राच्या बदल्यात चार कॅन्ट्रिप पाठ करण्याची मुभा होती. कापड सांधणे, पदार्थात मीठ आणणे, वस्तू चकचकीत करणे अशी त्यांची कामे होती. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांना शून्य पातळीचे मंत्र हा दर्जा मिळाला. पहिल्या पातळीच्या जादूगाराला असे तीन मंत्र दिवसाला वापरता येत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्वच पात्रांना कितीही वेळा वापरता येतील अशा शक्ती दिल्या. २००९ मध्ये पैझो या प्रकाशनसंस्थेच्या पाथफाइंडर या खेळाने आणि २०१४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीने कॅन्ट्रिपवरील दैनिक मर्यादा काढून टाकली.

अमर्यादतेचे परिणाम

मर्यादा निघताच काही जुन्या मंत्रांचे स्वरूपच पालटले. तिसऱ्या आवृत्तीत जखम भरणारा एक शून्य पातळीचा मंत्र होता. त्याने एकच हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याच्या क्षमतेचा एक अंक, परत मिळे. दिवसातून तीन वेळा हे नगण्य होय. पण खेळातील एक फेरी सहा सेकंदांची असल्याने तोच मंत्र अमर्याद केल्यास मिनिटाला दहा अंक भरून येतात आणि दोन लढायांच्या मधल्या काही मिनिटांत सारा चमू ठणठणीत होतो. मग जखमांना, औषधांना आणि परत फिरावे की पुढे जावे या निर्णयाला काही अर्थच उरत नाही. पाथफाइंडरने हा मंत्र वगळला आणि मरणासन्न पात्राची प्रकृती केवळ स्थिर करणारा मंत्र त्याच्या जागी आणला. पाचव्या आवृत्तीतही याच कामाचा कॅन्ट्रिप आहे. त्याने एकही हिट पॉइंट मिळत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र पाथफाइंडरने धोका पत्करला. त्यात पाणी निर्माण करणारा मंत्र अमर्याद असून पहिल्या पातळीचा पुरोहित दर वेळी दोन गॅलन पाणी काढू शकतो. न थांबता तासभर मंत्र म्हटल्यास हे पाणी सुमारे ४,५०० लिटर होते. न वापरलेले पाणी एका दिवसाने नाहीसे होईल अशी अट आहे, तरी वाळवंटातील प्रवासात तहानेचे भय दाखवू पाहणाऱ्या सूत्रधाराचा तिने फारसा फायदा होत नाही. पाचव्या आवृत्तीत हा मंत्र पहिल्या पातळीचा, म्हणजे मोजून मिळणारा आहे.

संतुलनाचे मार्ग

संख्येचा लगाम सुटल्यावर इतर लगाम लावावे लागतात. पाचव्या आवृत्तीतील पहिल्या पातळीच्या जादूगाराला तीनच कॅन्ट्रिप येतात, म्हणजे मर्यादा वापराऐवजी निवडीवर येते. वस्तू सांधण्याच्या मंत्राला पूर्ण एक मिनिट लागतो, त्यामुळे लढाईत तो निरुपयोगी ठरतो. उजेडाचा मंत्र पुन्हा म्हटल्यास आधीचा उजेड विझतो. दुरून वस्तू हलवणाऱ्या अदृश्यप्राय हाताला दहा पौंडांहून जास्त वजन पेलत नाही आणि त्याने हल्लाही करता येत नाही.

लढाईतील मंत्रांची तुलना शस्त्रांशी केली जाते. अग्निबाणाचा कॅन्ट्रिप दहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा करतो. पात्राच्या पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या पातळीला एकेक फासा वाढतो. पाचव्या पातळीवर त्याची सरासरी ११ होते. त्याच पातळीचा, +४ चपळाईचा धनुर्धारी योद्धा दोन बाण सोडतो आणि दोन्ही लागले तर सरासरी १७ इजा करतो. जादूगाराचा हात रिकामा राहत नाही आणि योद्ध्याचे स्थानही टिकते. हा मेळ चांगला जमलेला आहे.

वॉरलॉक या पात्राच्या एल्ड्रिच ब्लास्ट या कॅन्ट्रिपने तो बिघडतो. त्याचे किरण पातळीनुसार वाढतात आणि एका पूरक शक्तीमुळे प्रत्येक किरणाला पात्राच्या करिष्म्याचा अंकही जोडला जातो. अकराव्या पातळीला, +५ करिष्मा असल्यास, तीन किरणांची सरासरी ३१.५ होते, +५ चपळाईच्या योद्ध्याच्या तीन बाणांची २८.५. वॉरलॉकला मोठे मंत्र फार थोडे मिळत असल्याने हे झुकते माप समर्थनीय आहे. परंतु किरणांची संख्या वॉरलॉकपणाच्या नव्हे, तर पात्राच्या एकूण पातळीवर ठरते. म्हणून दोनच पातळ्या वॉरलॉक होऊन पुढे दुसरा वर्ग स्वीकारणाऱ्यालाही ती पूर्ण मिळते, आणि २०१४ च्या नियमांतील ही पळवाट खेळाडूंच्या चांगलीच परिचयाची आहे.

सर्वच असंतुलन आकड्यांत दिसत नाही. गायडन्स हा कॅन्ट्रिप कौशल्याच्या चाचणीत चार बाजूंच्या एका फाशाची भर घालतो, म्हणजे सरासरी २.५. भर माफक आहे, पण फुकट असल्याने प्रत्येक चाचणीआधी कोणीतरी त्याची आठवण करून देतो आणि खेळाची लय तुटते. २०२४ च्या सुधारित नियमांत मंत्र म्हणतानाच एक कौशल्य निवडावे लागते.

उजेडाच्या कॅन्ट्रिपने मशालींची चिंता संपवली, आणि जुन्या धाटणीच्या खेळाडूंच्या मते त्याबरोबर भुयाराचे भयही संपले. २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या शॅडोडार्क या खेळाने ती चिंता परत आणली. त्यात मशाल घड्याळातील खऱ्या एका तासात विझते आणि कॅन्ट्रिप हा वर्गच नाही. प्रत्येक मंत्रासाठी फासा टाकावा लागतो. दान साधले तर मंत्र पुन्हा वापरता येतो, चुकले तर विश्रांती घेईपर्यंत तो हातचा जातो. उजेडाचा मंत्रही याला अपवाद नाही.