फॅरेडेची कॉइल आणि डोक्यातले आवाज

इंडक्शनचा नियम आपण बारावीत घोकतो, फर्स्ट इयरला पुन्हा घोकतो आणि पेपर झाला की विसरतो. पण मित्रहो, फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेला हाच नियम डोक्यात ऐकू येणाऱ्या आवाजांवर वापरून पाहतात, हे वाचलं आणि मी चाटच पडलो!

स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ हा समज चुकीचा आहे. या आजारात अनेकांना समोर कोणी नसताना आवाज ऐकू येतात. ते शिव्या देतात, हुकूम सोडतात. ही नाटकं नव्हेत. एक उपपत्ती अशी: आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू ऐकण्याच्या केंद्राला ‘हे माझंच बोलणं’ अशी आगाऊ सूचना देतो. ती सूचना नीट पोचली नाही, की स्वतःचाच विचार परक्याचा आवाज वाटतो. आपल्या भाषेत, इको कॅन्सलेशन बिघडलं!

माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाला हा आजार आहे. आधी दोन वर्षं अंगारे-धुपारे झाले, मग डॉक्टर. औषधांनी तो बराच सावरला, पण आवाज पुरते गेले नाहीत. “तू इंजिनिअरिंगला आहेस ना, ते मशीन लावलं की जातील का रे आवाज?” असं त्याच्या आईने मला विचारलं. म्हणून हा वाचनाचा खटाटोप.

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी डोक्यावर कॉइल धरून मेंदू बाहेरूनच उद्दीपित करून दाखवला. कपॅसिटर कॉइलमधून डिस्चार्ज होतो, क्षणभर सुमारे दीड-दोन टेस्लाचं क्षेत्र तयार होतं आणि कवटीखालच्या पेशींमध्ये करंट निर्माण होतो. ना चिरफाड, ना भूल. सेकंदाला एक असे संथ पल्स दिले तर त्या भागाची उत्तेजना सहसा कमी होते. येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी डाव्या कानाच्या वर, थोडं मागे असे पल्स दिले. १२ रुग्णांवरच्या या प्रयोगात आवाज कमी झाल्याचं २००० मध्ये प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या जेरोम ब्रुनलँ यांच्या गटाने ३० रुग्णांवर दुसरी पद्धत वापरली: नुसता २ मिलिअँपिअरचा डीसी, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. तिथेही फरक दिसला. बंगळूरच्या निम्हान्समध्येही यावर काम झालं आहे.

मग घोडं अडलं कुठे? अशा प्रयोगात निम्म्या रुग्णांना खोटी उपचारपद्धती देतात. टकटक आवाज येतो, पण पल्स नाही. नंतरच्या काही मोठ्या चाचण्यांत खऱ्या-खोट्यात फरकच दिसला नाही! नुसत्या आशेनेही बरं वाटतं, हे त्यातून कळलं. म्हणून त्या काकूंना मी सांगितलं, “काहींना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. डॉक्टरांना जरूर विचारा, पण गोळ्या बंद करू नका.”

आणि आपल्यासाठी एक सूचना. २ मिलिअँपिअरचं सर्किट आपण लॅबमध्ये अर्ध्या तासात जोडू. म्हणून होस्टेलवर कोणाच्या डोक्याला ते लावू नका! इलेक्ट्रोड चुकला तर कातडी भाजते, आणि करंट मेंदूत कुठे जातो हे मल्टीमीटर सांगत नाही. हात शिवशिवत असतील तर एक कोडं घ्या: प्रत्येकाची कवटी वेगळी, मेंदूच्या घड्या वेगळ्या. मग करंट नेमका हव्या त्या जागी कसा पोचवायचा? हे डॉक्टरांना एकट्याने सुटणारं नाही. तिथे आपली गरज आहे.