वड्यावर आळ, पुडीला अभय

२०२५च्या जुलैत समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी आवई उठली. केंद्र सरकारने लगोलग खुलासा केला, की कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावा एवढंच म्हटलं होतं. पण खुलासे वाचतं कोण? पाथर्डीच्या स्टँडवर वडा कॅन्सरचा धनी ठरला तो ठरलाच.

आळ जुना आहे. १९९७मध्ये स्वीडनमध्ये एका बोगद्याच्या कामातलं अ‍ॅक्रिलामाइड पाण्यात मिसळलं, गाई लुळ्या पडल्या. मजुरांचं रक्त तपासलं, तर बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्यांच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या. माग निघाला तो थेट कढईपर्यंत. एप्रिल २००२मध्ये जाहीर झालं, की बटाट्यासारखा पिष्टमय पदार्थ १२० अंशांवर तळला-भाजला की हे द्रव्य तयार होतं. उंदरांना त्याने कॅन्सर होतो, पण त्यांना पाजलेली मात्रा आपल्या ताटातल्यापेक्षा कितीतरी पट मोठी. माणसांच्या पाहण्यांत ठाम संबंध अजून जुळलेला नाही. त्यातही वड्यातला बटाटा उकडलेला, बेसनाच्या आत ओलसर राहणारा. त्याला १२० अंश लागतातच कुठे? संशय घ्यायचाच तर तो करपेपर्यंत तळलेल्या वेफर्सवर घ्या. वड्याने वजन वाढतं आणि लठ्ठपणाचा कॅन्सरशी संबंध आहे, हे मात्र खरं.

त्याच २००२च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी उडाली. मग २०१२पर्यंतची आठ वर्षं आम्ही भोगली. टपऱ्यांना पुड्यांची तोरणं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये चढायच्या. बाजरीच्या पिठाच्या गोणीशेजारी पुड्यांची माळ आणि बायांच्या हाती मिसरीची डबी. मोहटादेवीच्या नवरात्रात साबुदाणा वडा कुठल्या तेलात तळला याची उलटतपासणी व्हायची. पुडी उपासाला चालते यावर मात्र गावाचं एकमत. आणि आरोग्य-पुरवण्या? तळणीच्या भीतीने रकाने भरायचे नि पान उलटलं की पानमसाल्याची जाहिरात. तो राग माझा अजून गेलेला नाही.

त्या वर्षांत गेलं ते घाण्याचं करडईचं तेल. आता पामतेल, आणि सकाळची कढई रात्रीपर्यंत तीच. तळणीच्या तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते फेकायचं, असा नियम २०१८पासून आहे. ते मोजायला स्टँडवर आलेला माणूस मला तरी दिसलेला नाही.

जुलै २०१२मध्ये गुटखाबंदी पुन्हा आली, आजही आहे. माळा दुकानाच्या आत गेल्या, मागणाऱ्याने डोळ्याने खुणवायचं, इतकाच फरक. तेच गिऱ्हाईक चार पावलांवरच्या गाड्याशी येतं, वडेवाल्याला दरडावतं, "मामा, यानं कॅन्सर होतो म्हणत्यात, खरंय का?" आणि उत्तर ऐकायच्या आधी बाजूला वळून पिंक टाकतं.