मंद गतीवर बंद पडणारे फवारणी इंजिन

लातूर व नांदेड जिल्ह्यांत तूर फुलोऱ्यावर आली, की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणीस विलंब चालत नाही. अशा वेळी काही महिने पडून राहिलेले जुने पेट्रोल इंजिन वेगात चालते. वेग कमी करताच मात्र बंद पडते. मंद गतीचे पेट्रोल कार्बोरेटरमधील अत्यंत बारीक छिद्रातून येते. साठलेले पेट्रोल उडून गेल्यावर चिकट थर मागे राहतो व हे छिद्र बुजते. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावाही शोषून घेते.

म्हणून प्रथम स्क्रू फिरवीत बसू नये. इंजिन थंड असताना, उघड्यावर व विस्तवापासून दूर, शिळे पेट्रोल काढावे. हवेची गाळणी व प्लग स्वच्छ करावेत. मंद गतीचा जेट धुऊन हवा मारावी. तारेने टोचल्यास छिद्र मोठे होते. कार्बोरेटरचे पॅकिंग फाटले असल्यास जादा हवा शिरते, ते बदलावे. नंतर इंजिन तापवून, चोक पूर्ण उघडून गतीचा स्क्रू जुळवावा.

हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावी.