फूलबाग : ग्वाल्हेरमधला एक दिवस

शिकायला म्हणून ग्वाल्हेरला आलेली महाराष्ट्रातली मुलं पहिल्या सुट्टीला थेट किल्ल्यावर चढतात. किल्ला बघावाच. पण सोबत मित्रमंडळी असतील आणि दिवसभर मोकळा वेळ असेल, तर तो फूलबागेला द्या, असा माझा आग्रह आहे. मराठी इतिहासातली एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली दोन घराणी इथे चालत जाण्याच्या अंतरावर भेटतात.

सकाळी, ऊन चढायच्या आत, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर जा. घोड्यावर स्वार झालेल्या राणीचा उंच पुतळा आणि त्याच्यापाशी समाधीचा साधा चौथरा. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांच्या फौजेतला मोठा भाग त्यांना येऊन मिळाला आणि जयाजीराव आग्र्याला, इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुढच्या अडीच-तीन आठवड्यांत सगळं फिरलं. इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य आलं, कोटा की सराईजवळ लढाई झाली आणि राणी जबर जखमी झाल्या. नाल्यापाशी घोडा अडला, गंगादास बाबांच्या मठात राणींनी प्राण सोडला, इंग्रजांच्या हाती देह लागू नये म्हणून साधूंनी तिथेच अग्नी दिला, असं ग्वाल्हेरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. दरवर्षी जूनमध्ये, बलिदानदिनाला, इथे मेळा भरतो. इथे येण्याआधी गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ जरूर वाचा. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते तिथेच होते. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांनीही या समाधीवर कविता लिहिली. राणींचं माहेरचं आडनावसुद्धा तांबेच.

तिथून बागेत या. ही बाग जयाजीरावांचे चिरंजीव माधवराव शिंदे यांची. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेव्हा तिचं उद्‌घाटन झालं. एकाच बागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांच्या घोळक्याला इथे प्रत्येकाचं काही ना काही सापडतं, आणि मला या बागेचं हेच सर्वांत मोठं वैभव वाटतं. जन्माष्टमीला गोपाळ मंदिरातल्या राधाकृष्णांना शिंद्यांच्या काळातले रत्नजडित दागिने घालतात. एरवी ते बँकेत असतात. त्या दिवशी पोलीस बंदोबस्तात येतात आणि दर्शनाला रांगा लागतात. बागेतलं प्राणिसंग्रहालयही माधवरावांच्याच काळातलं.

इंग्रजांच्या युवराजाच्या हस्ते खुली झालेली बाग आणि इंग्रजांशी लढून पडलेल्या राणीची समाधी शेजारी-शेजारी असल्याचं काही जणांना खटकतं. खटकावंच. त्यावर मुलांनी तिथेच हिरवळीवर बसून मनसोक्त वाद घालावा. शिंद्यांनी १८५८ मध्ये काय केलं हे विसरता येत नाही, तसंच माधवरावांच्या राज्यात १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, हेही विसरून चालणार नाही.

दुपारी जयविलास महाल. मायकेल फिलोजने बांधलेला हा महाल १८७४ चा. दरबार हॉलमधली प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं आणि मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी बघताना मुलं तासभर सहज रमतात. तिकीट मात्र विद्यार्थ्याच्या खिशाला जड वाटू शकतं. त्याची तजवीज आधीच करा.

संध्याकाळी शहराच्या लष्कर भागात महाराज बाड्यावर चला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेला हा भाग. जुन्या गल्ल्यांत अजून मराठी कानावर पडतं. नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू खा आणि हिवाळा असेल तर परतीच्या पिशवीत गजक भरा. यायचं तर हिवाळ्यातच या. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, त्याच सुमाराला माधवरावांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळाही लागतो, आणि बागेत दुपारीही आरामात फिरता येतं.